रंगाखालचा शेंदरी थर

श्रीरंग कोरान्ने ती पेटी स्कूटरवर पायांमध्ये धरून घरी घेऊन आले, तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना. रांझीच्या कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून जबलपूरच्या चेरीताल भागातल्या घरात हरवल्यासारखा वावरत होता. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, नळांचे वॉशर बदलून झाले, मग शेजाऱ्यांकडचेही बदलून झाले. त्यानंतर ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ‘गॅस मोठा काहून ठेवला?’ असं विचारायला लागले. तेव्हा अनसूयाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले, की देवा, या माणसाला काहीतरी काम दे.

काम आलं ते मुरलीधर घाट्यांच्या घरून. घाटे म्हणजे गावातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत नेहमी भेटणारे गृहस्थ. त्यांचे थोरले भाऊ श्यामसुंदर रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते, लग्न केलं नव्हतं, आणि नर्मदेवर गळ टाकून बसणं हा त्यांचा एकच नाद. ते पावसाळ्यात वारले. दिवाळीआधी मुरलीधरांनी त्यांची खोली आवरायला काढली आणि श्रीरंगना फोन केला. “तुम्हीही त्यातलेच आहात. दादाचं सामान न्या काही. आमच्या घरात कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

श्रीरंगही त्यातलेच होते हे खरं. घरात मासे शिजत नसत. पण दर रविवारी ते रीळ आणि छडी घेऊन घाटावर जात, तुळशीराम नाववाल्याच्या नावेत बसत, मोठा महाशीर मासा लागला तर सोडून देत आणि लहानसहान तुळशीरामला देत. मासा खाण्यात त्यांना रस नव्हता. दोरी एकदम ताठ होते, त्या क्षणासाठी ते जात.

पेटी उघडली तर आत लाकडाच्या मासोळ्या होत्या. लूर म्हणतात त्यांना. बोटभर, वीतभर, पोटाला तीन तोंडांचे गळ, हनुवटीखाली पत्र्याची जीभ, ज्यामुळे ओढलं की खऱ्या मासोळीसारखी ती पाण्यात थरथरत जाते. श्यामसुंदर घाट्यांनी जवळजवळ सगळ्या स्वतः कोरलेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं रंगावर रंग देत गेल्यामुळे त्या बोजड, फुगीर झाल्या होत्या. काहींचा रंग पापुद्र्यांसारखा सुटला होता.

“अनसूया, पहा ना काय काम आहे,” श्रीरंग एकेक उचलून दाखवत म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात जान आली होती. “यांचा सगळा जुना रंग काढावा लागेल. लाकडापर्यंत. थर चढले की वजन बदलते, मग मासोळी तिरपी पोहते. नवा रंग जुन्यावर धरतही नाही. पूर्ण उघडी करायची, मग रंगवायची.”

“चलो, करा,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पण गॅलरीत. माझ्या स्वयंपाकघरात नको.”

घराच्या मागच्या बाजूला काचा लावून बंद केलेली एक अरुंद गॅलरी होती. तिथे एक जुनं टेबल, आणि पिलूचा पिंजरा. पिलू म्हणजे राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकटील पक्षी. मुलगी प्रणोती नोकरीसाठी हैदराबादला गेली तेव्हा तो आईबापांकडे सोडून गेली होती. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असे. तो टेबलावर फिरे, श्रीरंगच्या मनगटावर बसे, आणि जे दिसेल ते चोचीनं कुरतडून पाही.

पहिल्यांदा श्रीरंगनी थिनर आणि रंग काढायचं रिमूव्हर आणलं. गळ आणि कड्या काढून मासोळ्या त्यात भिजत ठेवल्या. एक बाजारातली, प्लास्टिकची निघाली, ती सकाळपर्यंत वितळून चघळलेल्या च्युइंगगमसारखी झाली. लाकडाच्या मात्र छान सोलल्या जात. वरचा हिरवा सुटे, त्याखाली रुपेरी, त्याखाली पिवळा. आणि सगळ्यात खाली, लाकडाला चिकटून, लाल-नारिंगी असा एक दाट थर.

“शेंदूर फासल्यासारखा दिसून राहिला,” अनसूयाबाई वाकून म्हणाल्या. “मारुतीसारखा.”

“प्रायमर आहे तो. लाकडात पाणी शिरू नये म्हणून जुने लोक लावत. पक्कं काम. पहा, निघता निघत नाही.”

पण त्या थिनरच्या वासानं अनसूयाबाईंचं डोकं धरायला लागलं. घरभर तो वास, उशीला वास, पोळीला वास. चार दिवस त्या गप्प बसल्या आणि पाचव्या दिवशी बोलल्या. “अहो, एक तर हा वास राहील, नाही तर मी. काही दुसरी रीत नाही का?”

दुसरी रीत होती. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून त्यांनी गरम हवेची बंदूक आणली. तिच्या झोतात रंग फुगे, फेसाळे, आणि पातीच्या एका फटक्यात सुटून येई. उरलेला शेंदरी थर ते रेगमालनं, म्हणजे खरखरीत घासकागदानं, घासून काढत. खर्र, खर्र, खर्र. पिठासारखी बारीक भुकटी टेबलावर साठे.

“आता येतो का वास?” त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी श्वास घेऊन पाहिला. “नाही,” त्या म्हणाल्या. “आता ठीक आहे.”

तो ‘नाही’ त्यांना पुढे फार दिवस कानात ऐकू येणार होता.

थंडी पडली. जबलपूरच्या थंडीत कोणी खिडकी उघडी ठेवत नाही. गॅलरीच्या काचा बंद, आत दिवसभर घासण्याचा आवाज, आणि कामाच्या मधेमधे श्रीरंगचा अडकित्ता. सुपारीचं व्यसन जुनं होतं. त्याच टेबलावर कातरायची, त्याच हातानं तोंडात टाकायची, एखादा कण पिलूला द्यायचा. संध्याकाळी अनसूयाबाई गॅलरी झाडून काढत. झाडूसरशी उन्हाच्या तिरिपेत नारिंगी धूळ उडायची आणि तरंगत राहायची. टेबलावरच्या भुकटीत पिलूच्या पायांच्या बारीक खुणा असत, रांगोळीवरून कोणी चालून गेल्यासारख्या.

घासून झालेल्या मासोळ्या श्रीरंग तारेवर ओळीनं टांगून ठेवत. रंग नाही, काचेचे डोळे काढलेले, नुसत्या खोबणी. अनसूयाबाईंना ती ओळ पाहवत नसे. गॅलरीतून कपडे आणताना त्या मान दुसरीकडे वळवत.

आधी जेवण बेचव झालं. “भाजीत काही घातलंस का? लोखंड चाटल्यासारखं लागते,” श्रीरंग म्हणाले. अनसूयाबाईंनी कढई बदलली. तरी तेच. मग भूक गेली. मग पोट साफ होईना. ईसबगोल झालं, त्रिफळा झाला, गरम पाण्यात तूप झालं. चेहऱ्याचा रंग उतरला, शिळ्या पोळीसारखा फिका पडला. त्यांना वाटलं, थंडीचं असेल.

पण स्वभाव बदलला, त्याला थंडीचं नाव देता येईना. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस दूधवाल्यावर असा ओरडला, की गल्लीतली माणसं बाहेर आली. एका दुपारी वरणात मीठ कमी म्हणून त्यांनी ताट ढकललं. ताट भिंतीवर आपटलं. दोघंही भिंतीवरून ओघळणाऱ्या वरणाकडे पाहत राहिले. मग श्रीरंग उठले, फडकं आणलं आणि भिंत पुसायला लागले.

संक्रांतीच्या आधी अनसूयाबाईंनी मंगळसूत्र गाठवून आणायला त्यांना सराफ्यात पाठवलं. तासा-दीड तासाचं काम. ते संध्याकाळी परतले, पायी, रिकाम्या हातानं.

“मंगळसूत्र?”

“कोणतं?”

“अहो, स्कूटर कुठे आहे?”

श्रीरंगनी अंगणाकडे पाहिलं, जिथे स्कूटर असायची तिथे. बराच वेळ पाहिलं. “मी स्कूटरवर गेलो होतो?” त्यांनी घाबरून विचारलं. स्कूटर सराफ्यात होती, किल्ली लावलेली. मंगळसूत्र सोनारानं गल्ल्यात जपून ठेवलं होतं. “अंकलजी उठके चले गए, मैं आवाज देता रह गया,” तो म्हणाला.

मग पोटात कळा सुरू झाल्या. साध्या नव्हेत. श्रीरंग गुडघे छातीशी घेऊन पलंगावर पडत आणि उशी दातांत धरत. दवाखाना झाला, पोटात नळी घालून पाहिलं, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. अनसूयाबाई ज्याचं नाव घ्यायला घाबरत होत्या तो रोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. नाव असलेली गोष्ट निदान समोर तरी उभी राहते. ही घरातच कुठेतरी होती आणि दिसत नव्हती.

जरा बरं वाटलं की श्रीरंग उठून गॅलरीत जात. तेवढंच त्यांना बरं वाटे, म्हणून अनसूयाबाईच म्हणत, “जा, बसा थोडं तुमच्या कामाला. जीव रमेल.”

एक रविवार बरा गेला, तेव्हा त्यांनी नदीचा हट्ट धरला. अनसूयाबाई एकटं जाऊ देईनात. दोघं रिक्षानं घाटावर गेले. तुळशीरामनं नाव लावली, श्रीरंगना हात देऊन आत घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहिलं. पाणी शांत होतं. पलीकडच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

श्रीरंगनी छडी मागे नेली आणि दोरी फेकायला हात पुढे आणला. छडी निसटून नावेच्या कडेवर आपटली. त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा निसटली. मग अनसूयाबाईंनी पाहिलं, त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. दुखत नव्हता, सुजला नव्हता. ते तो वर उचलायचा प्रयत्न करत होते, कपाळावर शीर फुगली होती, आणि पंजा जागचा हलत नव्हता.

“झोपलाय हात,” श्रीरंग म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. “थंडीनं.”

तुळशीरामनं वल्हं उलटं मारून नाव काठाला आणली. श्रीरंग पायऱ्या चढत असताना त्यानं अनसूयाबाईंना हळूच थांबवलं.

“भौजी, अब इनको पानी पे मत लाना.”

“क्यों? क्या हुआ?”

“घाटे बाबू का भी ऐसेइ हुआ था. पहले पेट, फिर हाथ. यही हाथ. बटन नहीं लगा पाते थे. इसी नाव में बैठते थे.”

रिक्षात बसल्यावर अनसूयाबाईंनी शालीत हात घट्ट धरून ठेवले.

घरी येताच त्यांनी मुरलीधरना फोन लावला. घाटे आढेवेढे घेत नव्हते, फक्त चकित झाले होते. हो, दादाचा हात गेला होता. डॉक्टर म्हणाले मानेची नस. पोट तर कायमच धरलेलं. शेवटी शेवटी फार चिडका झाला होता, माणसं तोडली त्यानं. वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. “काहून विचारून राहिल्या वहिनी?”

“सहज,” अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांनी आयुष्यभर टपाल कचेरीच्या खिडकीवर काम केलं होतं. भुताखेतांवर, नजरेवर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी दुपारी श्रीरंग झोपले असताना त्यांनी तारेवरच्या मासोळ्या उतरवल्या, पेटीत भरल्या आणि पेटी माळ्यावर गाद्यांच्या मागे सरकवली. हात धुताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या माणसाच्या पेटीला भ्यायला त्या काय अडाणी होत्या?

श्रीरंग उठले आणि त्यांना रिकामी तार दिसली.

“माझं काम कुठे आहे?”

“राहू द्या थोडे दिवस. बरे व्हा आधी.”

“कुठे आहे, अनसूया?”

त्यांनी घर उलथंपालथं केलं. डावा हात चालत होता, उजवा लोंबत होता, तरी स्टूलावर चढले. अनसूयाबाई खालून स्टूल धरून रडत होत्या. पेटी खाली आली. संध्याकाळी गॅलरीतून पुन्हा आवाज सुरू झाला, आता डाव्या हाताचा, अडखळणारा. खर्र. खर्र. थांबून पुन्हा, खर्र.

हाताच्या डॉक्टरांनी श्रीरंगच्या मानेचा फोटो काढून नस दबल्याचं सांगितलं, आणि त्याच आठवड्यात पिलू पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. तुरा खाली, पंख सैल. दाणे तसेच. विष्ठा हिरवीगार, पाण्यासारखी. उभा राहायला गेला की पाय फाकत. हैदराबादहून प्रणोती व्हिडिओवर रडायला लागली, “आई, प्लीज, वेटकडे ने ना त्याला. आत्ताच. प्लीज.” नवऱ्याचं दुखणं हाताबाहेर गेलेलं, पक्ष्याचं तरी करू या, असं मनाशी म्हणत अनसूयाबाईंनी बुटाच्या खोक्याला भोकं पाडली आणि पिलूला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर, प्रतिमा त्यांचं नाव, तरुण आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिलूला टॉवेलात धरून तपासलं, एक्स-रे काढला, आणि परत येऊन फिल्म उजेडावर धरली. पक्ष्याच्या पोटात पांढरे, चकाकणारे ठिपके होते, तांदळाच्या कण्यांसारखे.

“आंटी, घर में पेंट का कुछ काम चल रहा है क्या? खुरचना, घिसना, ऐसा कुछ?”

“हाँ. मेरे हसबैंड करते हैं. मछली पकड़ने की लकड़ी की मछलियाँ... पुराना रंग निकालते हैं.”

“कितना पुराना रंग?”

“बहुत पुराना. नीचे से लाल-नारंगी निकलता है. सिंदूर जैसा.”

डॉक्टर प्रतिमांनी फिल्म खाली ठेवली. “वो सीसा हो सकता है. पुराने लाल प्राइमर में होता था. पंछी ने पपड़ी खा ली है.” मग त्यांनी विचारलं,

“और घर में लोग ठीक हैं?”

शिसं. पोट, हात, लोखंडाची चव, स्कूटर, भिंतीवरचं वरण, सगळं एकामागून एक अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. आणि त्या सगळ्यांच्या मागे त्यांचाच आवाज. आता ठीक आहे. आता वास येत नाही.

“नहीं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “ठीक नहीं हैं.”

“आज ही डॉक्टर को दिखाइए. और वो धूल झाड़ू से मत निकालिएगा, उड़ेगी. गीले कपड़े से.”

पिलू दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि तिथेच गेला.

पोटाच्या डॉक्टरांनी अनसूयाबाईंचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. मग श्रीरंगना म्हणाले, “जरा ओठ वर करा.” टॉर्चच्या उजेडात दातांच्या मुळाशी हिरड्यांवर एक निळसर-काळी रेघ होती, पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक. अनसूयाबाईंनी ती पाहिली होती. त्यांना सुपारीचा डाग वाटला होता. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “आम्ही पोट पाहत होतो, हाताच्या डॉक्टरांनी मान पाहिली. एकत्र कोणी पाहिलंच नाही,” ते म्हणाले. रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी फोनवरच सांगितलं, “सामान बांधूनच या, भरती करून घेतो. आणि वहिनी, तुमचंही रक्त द्या.”

रंग तापवला की शिशाचा धूर होतो, तो नाकातून जातो. कोरडा घासला की भुकटी होते, ती हाताला लागते, सुपारीबरोबर पोटात जाते. दोन्हींना वास नसतो. डॉक्टर हे सगळं समजावून सांगत होते, आणि श्रीरंग पलंगावर बसून आपल्या लोंबणाऱ्या पंजाकडे पाहत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “पिलूला मी माझ्या हातानं भरवत होतो.”

“आणि थिनर सोडा असं मी म्हटलं,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“तुला काय माहीत होतं?”

“तुम्हालाही काय माहीत होतं?”



औषध सुरू झालं, शरीरातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं. अनसूयाबाईंच्या रक्तातही शिसं निघालं, नवऱ्याइतकं नाही, पण असायला हवं त्याहून बरंच जास्त. रोज संध्याकाळी झाडू मारताना त्यांनीही ती भुकटी श्वासात घेतली होती. प्रणोती रजा काढून आली. तोंडाला मास्क बांधून मायलेकींनी गॅलरीचा कोपरा न् कोपरा ओल्या फडक्यांनी पुसला, फडकी बांधून वेगळी ठेवली, पडदे, चादरी, टेबल, सगळं घराबाहेर काढलं. पेटीला जाड प्लास्टिकचे तीन वेढे दिले. भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीवर, डब्यांच्या झाकणांवर पुन्हा पुन्हा तो नारिंगी रंग सापडत राहिला. तिळाच्या डब्याच्या आट्यांमध्ये सापडला तेव्हा अनसूयाबाई तिथेच जमिनीवर बसल्या. संक्रांतीला त्यांनी त्याच डब्यातले तीळ घेऊन लाडू केले होते आणि गल्लीभर वाटले होते.

त्या मग दारोदार गेल्या. लाडू खाल्लेल्या प्रत्येक घरी, मान खाली घालून, काय झालं ते सांगितलं. कोणी धीर दिला, कोणी नंतर त्यांच्याकडे पाहणं टाळलं. पलीकडच्या घरातल्या लहान मुलीचं रक्त चांगलं आलं, तो दिवस अनसूयाबाईंनी देवासमोर बसून काढला.

उन्हाळा आला तेव्हा श्रीरंगच्या पोटातल्या कळा थांबल्या होत्या. चिडचिड गेली, जुना मवाळ माणूस बराचसा परत आला. मनगटाला पट्टा होता. रोज व्यायाम करून बोटं थोडी उचलली जाऊ लागली. पूर्वीसारखा हात होईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. आठवणींत भोकं राहिली होती. हिवाळ्यातले कितीतरी दिवस त्यांना आठवतच नव्हते. आठवत ते जुनं, आणि तेही अचानक, कुठूनही.

तसंच एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी डाव्या हातातला कप खाली ठेवला.

“दोन होत्या,” ते म्हणाले.

“काय दोन होत्या?”

“पेट्या. मुरलीधरकडे. मी लहान उचलली. स्कूटरवर मोठी मावली नसती.”

अनसूयाबाईंचा हात आधी फोनकडे गेला, मग थांबला, मग त्यांनी घाईनं नंबर लावला.

“दुसरी?” मुरलीधर आठवत म्हणाले. “ती सराफ्यातला सचिन घेऊन गेला. सोनाराच्या दुकानात काम करतो ना, त्यालाही गळाचा नाद आहे. काहून वहिनी, पुन्हा काही झालं का?”

दोघं त्याच सकाळी सराफ्यात गेले. सचिन हसतमुख पोरगा, त्यानं दोघांना स्टूल दिले, चहा सांगितला. पेटीचं नाव काढताच खूश झाला. “अरे आंटी, क्या माल था! मैंने रखी नहीं. फोटो खींचके ऑनलाइन डाल दी. देखते-देखते सब निकल गई. लोग ढूँढते हैं पुरानी चीज. लिख दिया था, रंग पुराना है, घिसके नया कर लेना.”

श्रीरंगनी डोळे मिटले.

अनसूयाबाईंनी सगळं सांगितलं. सचिनचा चेहरा उतरत गेला. त्यानं फोन काढला, जुने निरोप शोधले, आणि ज्यांचे ज्यांचे नंबर सापडले त्यांना दुकानातूनच फोन लावायला घेतले. काही जणांनी ऐकून घेतलं, आभार मानले. एकानं मासोळी काचेच्या कपाटात ठेवली होती, हात लावला नव्हता. एकानं हसण्यावारी नेलं, “पेंट से कौन मरता है भैया?” सिवनीच्या एका माणसानं सांगितलं, की गळ काढून टाकून त्यानं ती घरात ठेवली आहे, आणि रंगीत दिसली म्हणून त्याचा धाकटा ती खेळायला घेतो. दात येत आहेत त्याला, चावत असतो.

अनसूयाबाईंनी सचिनच्या हातातून फोन ओढून घेतला. “आत्ता,” त्या ओरडल्या, आणि आपण मराठीत बोलतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. “आत्ताच्या आत्ता काढा ती त्याच्या हातातून!”

भाषा नाही, तरी तो स्वर पलीकडच्या माणसाला कळला. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, धावणाऱ्या पावलांचा, आणि मग लहान मुलाचं मोठ्यानं रडणं. सराफ्यातल्या त्या अरुंद दुकानात तिघं जण ते रडणं ऐकत होते. बाहेर गल्लीत हातोड्या ठकठकत होत्या.

माणूस परत फोनवर आला. त्याला धाप लागली होती. “ले ली,” तो म्हणाला. “अब बताइए, क्या करना है.”

अनसूयाबाईंनी त्याला एकेक गोष्ट सांगितली. हात धुवा, तोंड धुवा, मुलाचं रक्त तपासा, कुठे तपासायचं, डॉक्टरांना काय म्हणायचं. शेजारी श्रीरंग खालमानेनं बसले होते. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांनी फोन परत दिला, तसा सचिन पुढचा नंबर फिरवायला लागला. काही नंबर बंद झालेले होते, काही लोकांनी दिलेच नव्हते, आणि वीतभर लांबीच्या सगळ्यात मोठ्या मासोळ्या ज्यानं दुकानात येऊन रोख पैसे देऊन एकदम नेल्या होत्या, त्याचं नावही सचिनकडे नव्हतं.